काठावरचा खाना

कंधारेनानांनी पहिल्याच भेटीत मला बूट काढायला लावले, माझ्या हातातली पिन काढून घेतली आणि अर्धा तास नुसतं बसवून ठेवलं. मी परभणीहून पुण्याकडे आलेला, संगणकाची पदवी मिरवणारा, पिरंगुटच्या त्या कारखान्यानं मोठ्या कौतुकानं नेमलेला माणूस. आणि समोर हा खाकी शर्टातला, साठीकडे झुकलेला गृहस्थ मला स्टुलावर बसवून खुशाल आपलं काम करतोय! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"सायेब, पिन आत्ता मशिनीवरनं आलीया," ते मान वर न करता म्हणाले. "अंग गरम हाय तिचं. वरनं तुमी ती मुठीत धरून आनली. गरम पिन फुगती. आता तिला बसू द्या घटकाभर, आन् तिच्यासंगं तुमी बी बसा."

बसलो. दुसरं करणार काय? त्या खोलीला सगळे 'एसी रूम' म्हणत. कारखान्यात तयार होणाऱ्या पोलादी पिना, करंगळीच्या पेराएवढ्या, इंजिनात बसणाऱ्या, तिथे मापल्या जायच्या. माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. खोलीच्या दाराला एक चौकोनी काच होती आणि ज्याच्या मशीनच्या पिना आत मापल्या जात असतील तो पोरगा त्या काचेला नाक लावून बाहेर उभा असायचा. पिना बाद झाल्या की साहेबांचा मेमो ठरलेला. नाना काचेकडे पाठ करून बसत. ते मायक्रोमीटरच्या तोंडात पिन धरत, मागची मूठ अंगठ्यानं फिरवत आणि पिन पकडली गेली की मूठ वाजायची: कट्, कट्, कट्. तिसऱ्या कट्ला हात थांबायचा. मग आकडा बघून वहीत.

"तीनच," त्यांनी मला सांगितलं. "चौथी कट् केली की पिन दाबली जाती. मग ती खरं बोलत न्हाई, आपन सांगू त्ये बोलती."

नवीन कुणी शिकायला आला आणि चौथी कट् ऐकू आली, की नाना टेबलावर पट्टी आपटत. एवढ्या मोठ्या आवाजात, की दाराबाहेरचा पोरगाही दचकायचा.

हे २००६ सालातलं. आमच्या साहेबलोकांनी कुठल्याशा प्रदर्शनात 'बिझनेस इंटेलिजन्स'चं सॉफ्टवेअर पाहिलं होतं आणि पाहून भुलले होते. कारखान्याच्या सगळ्या नोंदी संगणकात आहेतच, त्यांची चित्रं काढायची, आणि चित्रं अशी की माऊसची टिचकी मारली की बदलतील. त्यासाठी मला आणलेलं. माझं मुख्य काम हिस्टोग्राम. ऐकायला भारदस्त वाटतं, पण प्रकरण सोपं असतं. मापांचे खाने पाडायचे, कुठल्या खान्यात किती पिना पडल्या ते मोजायचं आणि तेवढ्या उंचीचे खांब उभे करायचे. शेजारी फिल्टर द्यायचे: मशीन कुठलं, कामगार कोण, महिना कुठला. एकेक निवडावं तसे खांब तिथल्या तिथे वर-खाली होतात. मी हे सगळं नानांना हातवारे करून समजावलं. आता म्हातारा चाट पडणार, अशी माझी खात्री.

नानांनी कपाटामागून एक फळी काढली. लाकडी, जुनी, तेल पिऊन काळी झालेली. तिच्यावर ओळीनं खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेखाली पेन्सिलीनं एक माप लिहिलेलं. मापलेली प्रत्येक पिन तिच्या मापाच्या खाचेत, एकावर एक. मधल्या खाचांत ढीग उंच, कडेला उतरते. अहो, साक्षात हिस्टोग्राम! आणि पिनांच्या टोकांना रंगाचे ठिपके: लाल, गुलाबी, मोरपंखी.

"हे रंग कसले?"

"लाल पयल्या मशिनीचा, गुलाबी दुसरीचा. आता बघा." त्यांनी लाल ठिपक्यांच्या पिना पटापट उचलून वाटीत टाकल्या. ढीग क्षणात बदलला, एका अंगाला सरकला. "तुमी फिल्टर म्हनताय त्यो ह्योच ना?"

मी चाट पडलो. तेव्हा तोंडावर दिसू दिलं नाही, पण आज कबूल करतो. आयटीआयपर्यंत जेमतेम पोचलेल्या या माणसानं कुठल्याही पुस्तकाशिवाय, स्वतःच्या अडचणीतून ही युक्ती काढली होती आणि वीस वर्षं कुणाला सांगितलंही नव्हतं. विचारलंच कुणी नव्हतं म्हणे.

रंग म्हणजे सुनेची नेलपॉलिश. एकदा गेटवर पहारेकऱ्यानं त्यांच्या डब्याच्या पिशवीत तीन बाटल्या पकडल्या आणि सगळ्या कारखान्यानं महिनाभर त्यांची टर उडवली. कँटीनमध्ये पोरं विचारायची, "नाना, आज कुठली लावलीय?" नाना शांतपणे भात कालवत म्हणायचे, "मोरपंखी. तुज्या मशिनीची. लई हालतीया, जाऊन बघ." पोरगं जेवण अर्धवट टाकून पळायचं.

हळूहळू ते जेवणाच्या सुट्टीत माझ्या संगणकाशी येऊन बसू लागले. माऊस ते मायक्रोमीटरसारखा धरत, अंगठा आणि दोन बोटांत, अगदी हलका. सगळ्यात जास्त जीव जडला तो खान्याची रुंदी बदलणाऱ्या सरकपट्टीवर. ती डावीकडे नेली की खाने बारीक होत आणि चित्र काटेरी, उजवीकडे नेली की दोन-चार जाडजूड खांब उरत. नाना ती पुढं-मागं करत बसायचे आणि गालात हसायचे.

"बघा परभणीकर," ते एकदा म्हणाले. (आता मी 'सायेब' राहिलो नव्हतो, याचा मला भारी आनंद.) "खाना लई रुंद केला की सगळी शानी दिसत्यात. लई बारीक केला की जो-तो येडा. मंग खरं काय?"

"तुम्हीच सांगा."

"दोन्ही बघायचं आन् मंग मशिनीपाशी जाऊन हुबं ऱ्हायचं."

सरासरी या शब्दाचा त्यांना राग होता. उत्पादन विभागाचे सरनाईक साहेब दर बैठकीत "सरासरी उत्तम आहे" म्हणायचे. नाना बाहेर आल्यावर पुटपुटत, "सरासरी काय इंजनात जाती व्हय?"

एका रविवारी त्यांनी मला गावाला बोलावलं, मालेला. पौडवरून पुढे एसटीनं गेलो. गाडी उशिरा पोचली. नाना थांब्यावरच उभे होते. मला 'या' म्हणायच्या आधी त्यांनी खिशातून खडू काढला आणि थांब्याच्या भिंतीवर एक रेघ ओढली. बघतो तर काय, भिंतीवर खाने! वेळेवर, दहा मिनिटं उशिरा, वीस मिनिटं, आणि शेवटचा खाना: 'आली न्हाई'. प्रत्येकात रेघांची गर्दी. काही रेघांना डोक्यावर टिंब.

"टिंब म्हंजी पौडच्या बाजाराचा दिवस," नाना म्हणाले. "त्ये दिस सोडले तर गाडी बिचारी बरी येती. लोक उगा ड्रायवरला शिव्या देत्यात. गर्दी बाजाराची, बोल त्याला."

मला त्या क्षणी या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर शिवी मिळाली असती, म्हणून नुसता हसलो. त्यांच्या घरी आंबेमोहोराचा भात जेवलो, इतका की परत येताना एसटीत झोपच लागली.

हे सगळं मी रंगवून सांगतोय खरा, पण पुढच्या वर्षी जे झालं त्याची सुरुवात माझ्याच हातून झाली.

मी राहायला नांद्याला होतो, एका शेतकरी कुटुंबाच्या वरच्या खोलीत. घरमालकांचा मुलगा संतोष आमच्याच कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर, कंत्राटी. तीन वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात त्याला पर्मनंट करणार असं पक्कं ठरलं होतं. जमिनीचा मोठा तुकडा विकून झालेला, उरलेल्यात भागेना, त्यामुळे अख्ख्या घराचा डोळा पर्मनंटच्या कागदावर. त्याची आई मला गरम भाकरी वर आणून द्यायची आणि दर वेळी विचारायची, "सायेब, पोराचं हुईल ना वो?" मी छातीठोकपणे म्हणायचो, होणारच.

आणि अचानक ग्राहकाकडून पिनांच्या पेट्या परत आल्या. पिना जाड आहेत, बसत नाहीत. आमच्या नोंदींत बघावं तर त्या पेट्यांतली एकूण एक पिन मर्यादेच्या आत. सरनाईक साहेब लालबुंद. मला बोलावून म्हणाले, "तुमचं ते सॉफ्टवेअर काय शोभेला आहे? कुठल्या कामगाराचा हात बिघडलाय, शनिवारपर्यंत मला चित्र पाहिजे."

मी रातोरात हुशारी केली. कामगाराच्या नावाचा फिल्टर लावला आणि प्रत्येकाचं चित्र काढलं. सगळ्यांचे खांब गुळगुळीत टेकडीसारखे आले. एकाचंच चित्र भलतं: एक खांब, एक रिकामी जागा, पुन्हा खांब, पुन्हा रिकामी जागा. दात पडलेला कंगवा जणू. नाव: संतोष.

सरनाईक साहेबांनी माझ्या खांद्यावरून बघितलं आणि टेबलावर मूठ आपटली. "हाच तो! हात स्थिर नाही. शनिवारी ग्राहकाची माणसं येतायत, त्यांना हे दाखवू आणि याचं गेट बंद करून टाकू."

कंत्राटी माणसाचं गेट बंद करायला ना नोटीस लागते ना चौकशी. त्या संध्याकाळी मी नांद्याला गेलो तेव्हा भाकरी आली ती मी तशीच झाकून ठेवली. संतोषला अजून काही माहीत नव्हतं. तो अंगणात मोटारसायकल पुसत शिट्टी वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नानांना चित्र दाखवलं. ते पडद्यावर वाकले. मग विचारलं, "खालचे आकडे कुटं गेले?"

"कुठले?"

"खान्यांची मापं. फळीवर पेन्सिलीनं लिवतो ती."

ती मीच लपवली होती. आकडे एकमेकांवर चढत होते, चित्र गिचमिड दिसत होतं, म्हणून काढून टाकले होते. सुंदर दिसावं म्हणून! मी ते परत आणले आणि नानांनी एका कागदावर संतोषचे आकडे लिहिले, दुसऱ्यावर शेजारच्या मशीनवाल्याचे. दोन्ही कागद माझ्यापुढं सरकवले.

आकडे पाहिले आणि उमगलं. सॉफ्टवेअरला मी सांगून ठेवलं होतं, की निवडलेल्यातली सगळ्यात बारीक पिन ते सगळ्यात जाड पिन, यात दहा खाने पाड. म्हणजे फिल्टर बदलला की खानेच बदलत होते. दुसऱ्याच्या पिना वीस मायक्रॉनमध्ये पसरलेल्या, त्याचा खाना दोन मायक्रॉनचा. संतोषच्या सगळ्या पिना पाच मायक्रॉनच्या आत, म्हणून त्याचा खाना अर्ध्याचा. आमचं माप पूर्ण मायक्रॉनमध्येच लिहिलं जायचं, अर्धा मायक्रॉन कुणी मापतच नव्हतं. त्यामुळं त्याचा एकाआड एक खाना रिकामा राहणारच. सगळ्यात स्थिर हाताचा पोरगा माझ्या चित्रात सगळ्यात वाईट दिसत होता.

"मानसागनिक पट्टी बदलली व्हय तुमी?" नाना हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी मुकाट्यानं खाने बांधून टाकले: सगळ्यांना तेच, एकेक मायक्रॉनचे, मर्यादेच्या दोन्ही बाजूंना थोडे जास्तीचे. संतोषचं चित्र मधोमध एक उंच, सडसडीत टेकाड झालं. "वाचला!" म्हणालो आणि सगळ्या कामगारांचं मिळून चित्र लावलं, सहज.

नानांचा हात माझ्या मनगटावर आला.

टेकडी उजवीकडे उतरत गेली होती, छान, सावकाश. आणि वरच्या मर्यादेच्या अगदी शेवटच्या खान्यात एकाएकी एक सुळका उभा. त्याच्या पलीकडे जवळजवळ काही नाही. उतरती टेकडी अशी मध्येच सुळका होऊन तुटत नसते. ती थोडी पलीकडेही उतरायला हवी, काही पिना बाद व्हायला हव्यात. त्या पिना गेल्या कुठे? त्याच शेवटच्या खान्यात उभ्या होत्या.

"ह्ये मशिनीचं काम न्हाई," नाना म्हणाले. "मशिनीला काठ कुटं हाय त्ये ठावं नसतं. ज्याला ठावं हाय त्याचं काम हाय ह्ये. तपासणाऱ्याचा फिल्टर हाय का तुमच्याकडं?"

तपासणारे तिघं होते. प्रत्येक नोंदीपुढं त्याचं नाव असायचंच, पण तो फिल्टर आजवर कुणी मागितला नव्हता. मी लावला. पहिल्याची टेकडी काठ ओलांडून नीट उतरली. दुसऱ्याची उतरली. तिसरं नाव निवडायच्या आधी मी थांबलो, तर नानांनीच माऊस घेतला आणि टिचकी मारली.

कंधारे. सुळका त्यांचाच होता.

मला वाटलं, संगणक चुकतोय. मी तसं म्हणालोही. नाना उठले, मला घेऊन एसी रूममध्ये गेले. परत आलेल्या पेटीतल्या दहा पिना आणि चांगल्या दहा पिना माझ्याकडून मिसळून घेतल्या. मला भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. हातात कागद-पेन्सिल दिली.

"बघू नका. फकस्त ऐका. दर पिनीला किती कट् वाजल्या त्ये लिवा."

मी ऐकत गेलो. कट्, कट्, कट्. तीन. कट्, कट्, कट्. तीन. पाचव्या पिनीला तीन झाल्या, क्षणभर शांतता, आणि मग अगदी हलकी, जवळजवळ ऐकू न येणारी: कट्. माझी पेन्सिल थांबली. पुन्हा तीन. पुन्हा तीन. पुन्हा चार. मी लिहीत होतो आणि मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

"किती?" सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं.

"नाना..."

"किती, परभणीकर?"

"सात वेळा चार."

मी तीनच कट् देऊन मापून बघितलं, तर त्या सातही पिना काठाच्या जराशा पलीकडच्या होत्या. नानांनी उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांपुढं धरला आणि बघत राहिले. "मी चुकीचा आकडा जन्मात कदी लिवला न्हाई," ते म्हणाले. "जो दिसला त्योच लिवला. ह्यो असं कवापास्नं करतोय, मला कळलं बी न्हाई." मग दाराच्या काचेकडे वळले. तिथे नेहमीसारखा एक पोरगा नाक लावून उभा होता. "मी पाठ करून बसायचो. पन ठावं असायचंच की, मागं कोनतरी हुबं हाय."

पुढं म्हणाले, "नेलपॉलिश मशिनीला लावली, परभणीकर. तपासणाऱ्याला लावायचं ध्यानातच आलं न्हाई."

नाना आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. त्यानंतर दोन वर्षं नव्या पोरांना शिकवायला ठेवून घ्यायचं, असं साहेबांनी कबूल केलं होतं. ती खोली म्हणजे त्यांचा प्राण. मी अजिजीनं म्हणालो, "नाना, शनिवारी फक्त संतोषचं खरं चित्र दाखवू. तो सुटतो. तपासणाऱ्याचा फिल्टर कुणाला माहीत आहे? मी काढूनच टाकतो तो."

"आन् संतोष सुटल्यावं सायेब कुनाचं नाव इचारतील?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"फुडल्याचं. त्योबी कुनाचा तरी संतोष हाय." एवढं बोलून ते डबा घेऊन निघून गेले.

शनिवारी बैठकीला ग्राहकाची दोन माणसं होती, सरनाईक साहेब होते, कोपऱ्यात मी संगणक घेऊन. नाना दारापाशी उभे. मी माझी चूक सांगितली, सगळी सांगितली. संतोषचं नवं चित्र लावलं. ग्राहकाच्या माणसांनी माना डोलावल्या. सरनाईक साहेब चिडून म्हणाले, "ठीक आहे, हा नाही. मग कोण? यादीतला पुढचा दाखवा."

"सायेब, माऊस मला द्या," नाना म्हणाले.

ते पुढं आले. बूट त्यांनी दाराशीच काढून ठेवले होते, सवयीनं. अंगठा आणि दोन बोटांत माऊस धरला. तपासणाऱ्यांच्या यादीतली दोन नावं काढली, एक ठेवलं. पडद्यावर सुळका उभा राहिला, भिंतभर.

"ह्यो मी," नाना म्हणाले.

सरनाईक साहेब उठून पडद्याजवळ गेले. म्हणाले, "कंधारे, याचा अर्थ काय?"

"अर्थ सोपा हाय. काठाभायेरच्या पिनी माझ्या हातानं आत घेतल्या. पेट्या परत आल्या त्या माझ्या सहीच्या हायेत, ताडून बघा. मशिनीवरच्या कुनाचा दोष न्हाई."

"मुद्दाम केलंत?"

"न्हाई. पन केलं मीच."

मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पुढं हिंजवडीत तर ढिगानं पाहिली. पण आपलंच हत्यार असं स्वतःवर रोखून धरणारा आणि धरताना हात न हलू देणारा माणूस मी एकच पाहिला. त्या दिवशी त्यांचा हात खरंच हलला नाही. मी त्या हाताकडेच बघत होतो.

त्याच दुपारी नानांनी एसी रूमची किल्ली स्वतःहून देऊन टाकली. काढायची वेळ कुणावर येऊ दिली नाही. पुढची दोन वर्षं अर्थातच मिळाली नाहीत. उरलेले आठ महिने ते माझ्याशेजारी बसून चित्रं बघत राहिले, चुका काढत राहिले, मात्र मायक्रोमीटरला शिवले नाहीत. संतोषला कागद मिळाला. तो पेढे घेऊन आला आणि नानांच्या पाया पडायला वाकला, तर नाना खेकसले, "पाया काय पडतूस? तुजी पिन नीट हुती, एवढंच!" त्यांची फळी मी मागून घेतली. आजही माझ्या टेबलावर आहे. आणि तेव्हापासून मी बनवलेल्या कुठल्याही हिस्टोग्रामवर पहिला फिल्टर तपासणाऱ्याचा असतो. लोक विचारतात, कशाला? मी सांगत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते २०१० मध्ये. मी कारखाना सोडून हिंजवडीला निघालो होतो, सांगायला मालेला गेलो. अंगणात भाताची पोती रचलेली. नाना थकले होते, पण नजर तीच. मी नव्या नोकरीचं सांगितलं तर म्हणाले, "जा. पन खालचे आकडे लपवू नका."

तेवढ्यात शेजारची एक बाई पायलीभर तांदूळ न्यायला आली. सून माप घेऊन पुढं झाली, तशी ती बाई हसत म्हणाली, "नाना, तुमीच घाला की वो. तुमच्या हातानं मूठभर जास्तीच पडतंय."

"न्हाई गं," नाना म्हणाले. "मापाचं काम सूनबाईकडं."

सुनेनं पायली भरली, वरून तळवा फिरवून सपाट केली, बाईच्या पिशवीत ओतली. नाना शेजारीच उभे होते, दोन्ही हात पाठीमागं बांधून, लक्ष देऊन बघत. मी त्यांच्या मागं उभा होतो म्हणून मला दिसलं. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवला होता, आणि पायली रिकामी होऊन बाई फाटकाबाहेर जाईपर्यंत सोडला नाही.